गृहशास्त्र : पिण्याचें पाणी, जुनी रीत आणि नवी गाळणी

सासूबाईंची तुरटी बरी कीं सूनबाईंचें विजेचें यंत्र बरें, हा वाद पुष्कळ घरांतून ऐकूं येतो. वाचकांनी त्याचा निकाल देण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : आपल्या पाण्यांत दोष कोणता? नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य आपणांस चालत नाहीं.

पालघर जिल्ह्यांतील तलासरी व डहाणू हे शेजारचे तालुके पाहा. तलासरीकडील डोंगराळ पाड्यांत पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी गढूळ होतें. तेथें दोष मातीचा व जंतूंचा. डहाणूच्या किनाऱ्यालगत एखाद्या विहिरीस खाडीचा खार लागला, तर पाणी आरशासारखें स्वच्छ दिसूनहि मचूळ लागतें. तेथें दोष विरघळलेल्या क्षारांचा.

पहिल्या दोषास जुनी रीत पुरेशी आहे. तुरटी फिरविली म्हणजे मातीचे कण एकमेकांस चिकटून तळाशीं बसतात. वरचें पाणी गाळून खळखळून उकळलें कीं जंतु मरतात. मोठ्या शहरांतूनहि तुरटी, निवळण, वाळूचा थर व शेवटीं क्लोरिन हाच क्रम असतो. १८९२ सालीं एल्बे नदीचें पाणी न गाळतां पिणाऱ्या हॅम्बुर्ग शहरांत पटकीनें आठ हजारांवर माणसें दगावलीं. लगतचें आल्टोना तेंच पाणी वाळूंतून गाळून पीत होतें, म्हणून तें पुष्कळ अंशीं बचावलें.

नव्या गाळणींत वाळूऐवजीं सच्छिद्र पातळ पडदा असतो. जंतु साधारण एक मायक्रॉन लांबीचा. अतिसूक्ष्म गाळणीचें छिद्र मायक्रॉनच्या सुमारें शंभराव्या हिश्शाएवढें. म्हणून जंतु अडतात, क्षार मात्र पार होतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें अशी बिनविजेची गाळणी सिद्ध केली आहे. परंतु पाणी आधीं निवळून घ्यावें, नाहीं तर गाळानें पडदा तुंबतो.

क्षारांवर तुरटी, उकळणें व ही गाळणी तिन्ही निरुपयोगी. उकळल्यानें तर क्षार दाटच होतात. तेथें दाबानें पाणी ढकलणारें आर. ओ. यंत्रच हवें. मात्र त्यांत एका हंड्यामागें बहुधा तीन हंडे मोरींत जातात. भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार इष्ट मर्यादेंतच मोडतात. तेवढेहि नसतां हें यंत्र लावणें म्हणजे, चैत्रवैशाखांत जी बाई डोईवर हंडा घेऊन चढण चढते, तिचे श्रम मोरींत ओतणें होय.

आणखी एक : पडद्यांतून आलेल्या पाण्यांत क्लोरिनचा पहारा राहत नाहीं. हात बुडाला कीं तें पुनः दूषित होतें. तेव्हां माठावर झांकण व लांब दांड्याचें ओगराळें दोन्ही ठेवावीं.

सारांश, पाणी आधीं प्रयोगशाळेंत तपासवून घ्यावें. मग सासूबाई बरोबर कीं सूनबाई, हें विहीरच सांगेल.