आकडी आली? कॅल्शियमही तपासा
आकडी आली की घरचे ती अपस्माराचीच समजतात. पण रक्तातले कॅल्शियम फार घटले तरीही आकडी येते. मेंदूच्या पेशींवरील सोडियमची दारे सहज उघडू नयेत, हे कॅल्शियम पाहते. ते कमी पडले की किरकोळ कारणानेही पेशी उत्तेजित होतात. आईत ड जीवनसत्त्व कमी असेल तर तान्ह्या बाळाला आणि थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर मोठ्यांना हा धोका संभवतो. ओठांभोवती मुंग्या, हातापायांत पेटके ही पूर्वसूचना. इथे नुसत्या अपस्माराच्या गोळ्यांनी भागत नाही. उणीव भरून काढावी लागते. रक्तातील कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे. म्हणून पहिल्या आकडीनंतर साखरेसोबत तेही तपासलेच पाहिजे. चालू गोळ्या मात्र कुणीही परस्पर बंद करू नयेत.