संकल्प पुरे, नेम हवा

थंडीची चाहूल लागली की शहरांतील मैदाने आणि टेकड्या पहाटे माणसांनी फुलून जातात. नवे बूट आणि नवा निश्चय यांचे हे दर्शन संक्रांतीपर्यंत टिकते. होळीच्या सुमारास नेहमीची मंडळी तेवढी उरतात. व्यायामशाळांचा अनुभवही निराळा नाही. जानेवारीत वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांपैकी कित्येकांचे पैसे तेथे वर्षभर राहतात, शरीर मात्र फार तर दीड महिना. या आरंभशूरपणाची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण हा प्रश्न आता थट्टेवारी नेण्याइतका क्षुल्लक राहिलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी इतर संशोधकांसह केलेली एक पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते. २०२२ साली ते ४९ टक्क्यांवर गेले, असे तीत नमूद आहे. येथे ‘पुरेशी’ याचा अर्थ आठवड्यास १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे, एवढाच आहे. इतकेही निम्म्या देशाला साधत नसेल, तर मधुमेह आणि हृदयविकार यांच्या फैलावाबद्दल नवल वाटण्याचे कारण नाही.

या स्थितीचे खापर व्यक्तीच्या आळसावर फोडणे सोपे आहे. परंतु केवळ बावीस वर्षांत एका राष्ट्राचा आळस दुप्पट झाला, असे मानणे तर्काला धरून नाही. बदलली ती जगण्याची घडण. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, जिन्याने सतत वरखाली करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. त्या वाहकांनी व्यायामाचा कोणताही संकल्प सोडलेला नव्हता. त्यांचे कामच त्यांच्याकडून हालचाल करवून घेत होते. आपल्या आजी-पणजीचे जाते, रहाट आणि उखळ यांनी हेच केले. ते कष्ट गेले हे इष्टच झाले. पण त्यांच्याबरोबर गेलेली हालचाल परत आणण्याचा सगळा भार आता एकट्या मनोनिग्रहावर पडला आहे. आणि मनोनिग्रह हा बेभरवशाचा चाकर आहे. पहाटे पाच वाजता त्याची हाक ऐकू येतेच असे नाही.

आपल्या पूर्वसूरींना हे ठाऊक असावे. तालमीची रचना पाहिली म्हणजे याची खात्री पटते. तेथे वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबती ठरलेले आणि डोक्यावर वस्ताद. एखादा गडी दोन दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी घरापर्यंत जाई. जोर-बैठकांचा आकडा हळूहळू चढे. पहिल्याच दिवशी पराक्रम गाजवण्यास मुभा नव्हती. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार स्वतः नित्य घातले आणि संस्थानातील शाळांत ते सुरू केले, त्यातही हेच शहाणपण होते. ना साधनांची गरज, ना मोठ्या जागेची, ना रोज नव्याने विचार करण्याची. व्यायाम हा स्नानासारखा दिनक्रमात बसला की उत्साह असो वा नसो, तो घडतो. यालाच आपल्या भाषेत नेम म्हणतात.

आधुनिक संशोधनही याच दिशेला बोट दाखवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला. ठरावीक प्रसंगाला बांधलेली कृती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा व्यत्यय आला नाही, हा त्यातील निष्कर्ष विशेष दिलासा देणारा आहे. आपल्याकडे बहुतेकांचा व्यायाम सुटतो तो नेमका येथे. एक खाडा पडतो, व्रतभंग झाल्याची भावना होते आणि सारेच सोडून दिले जाते. खाडा ही आपत्ती नव्हे. दुसऱ्या दिवशी न जाणे ही खरी आपत्ती होय.

अर्थात, जुन्या तालमीचे गोडवे गाताना तिचे दार बहुतांशी पुरुषांसाठीच उघडे होते, हे विसरता येणार नाही. त्याच पाहणीत अपुरी हालचाल करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांचे ५७ टक्के आहे. जिची पहाट डबे भरण्यात आणि संध्याकाळ स्वयंपाकात जाते, तिला निश्चयाचा उपदेश करणे हा कोडगेपणा आहे. तिला हवा आहे तो दिवसातील अर्धा तास, आणि तो घरातील इतरांनी काम वाटून घेतल्याखेरीज मिळणार नाही.

नगरपालिकांचे कर्तव्यही येथेच सुरू होते. प्रदर्शने आणि लग्नसमारंभ यांना भाड्याने दिलेले मैदान, वाहनांनी व्यापलेला पदपथ, अंधारी बाग आणि गणिताला दान केलेला शाळेतील खेळाचा तास, या साऱ्यांनी मिळून नागरिकांचा नेम मोडला आहे. प्रत्येक प्रभागात चालता येईल असा पदपथ आणि दिवे असलेले एक मोकळे मैदान एवढी तजवीज झाली, तरी पुष्कळ साधेल. तोवर नागरिकांनी आपल्यापुरते तीन गोष्टींवर भागवावे: एक ठरलेली वेळ, एक सोबती आणि आपल्याला सहज झेपेल त्याहून थोडा कमीच व्यायाम. उत्साह पाहुण्यासारखा येतो आणि जातो. घर चालते ते रोजच्या माणसांवर.