तो आमचा होईपर्यंत तरी ठेवा

मुंबई इंडियन्सच्या व्यवस्थापनास,



पत्र चितेगावहून लिहितोय. छत्रपती संभाजीनगरहून पैठण रोडला लागलं की चौदाव्या किलोमीटरला आमचं गाव. २०१५ ची फायनल तुम्ही ईडन गार्डन्सवर जिंकलीत, तेव्हा तुमच्या निळ्या जर्सीवर छातीशी ‘व्हिडिओकॉन डीटूएच’ होतं, आणि व्हिडिओकॉनचा कारखाना आमच्या शिवारात. म्हणजे ती टीम आमच्या कंपनीचीच झाली की! २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली, जर्सीवर दुसरं नाव आलं. आम्ही टीम बदलली नाही. तेवढ्या हक्कानं थोडं बोलतो.

विषय महागड्या परदेशी गोलंदाजांचा. तुम्ही पैसे फार उधळता, अशी तक्रार नाही. पैसा तुमचा, पर्स तुमची. तक्रार वेगळी आहे, पण आधी हिशेब सांगतो. गावात तो सगळ्यांना तोंडपाठ आहे.

२०२० ला ट्रेंट बोल्ट तुमच्याकडे आला. त्या मोसमात २५ विकेट. दुबईच्या फायनलमध्ये पहिल्याच चेंडूवर स्टॉइनिसला परत पाठवलं आणि सामनावीर तोच ठरला. पुढच्या मोठ्या लिलावाआधी चारच खेळाडू राखता येणार होते. तुम्ही रोहित, बुमराह, सूर्या आणि पोलार्डला ठेवलंत. ठीक, नियमापुढे इलाज नाही. फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात पहिल्या दिवशी बोल्ट आठ कोटींना राजस्थानकडे गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेवढ्याच आठ कोटींना जोफ्रा आर्चर घेतलात, आणि तोही दुखापतीमुळे त्या वर्षी खेळणार नाही हे ठाऊक असताना! आर्चरची माफी मागून सांगतो, पैठणच्या बाजारात लंगडणारा बैल पुढच्या साली नीट चालेल म्हणून कुणी आत्ताच दावणीला बांधत नाही. त्या मोसमात आपण पहिले आठ सामने ओळीनं हरलो आणि तळाला राहिलो. २०२३ मध्ये आर्चर पाच सामने खेळला, दोन विकेट काढल्या आणि दुखणं घेऊन घरी गेला. बोलीच्या आकड्यानं एका विकेटला चार कोटी. इथल्या पोरांनी यावर जे विनोद केले ते पत्रात लिहिण्याजोगे नाहीत.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात चेपॉकवर लखनऊविरुद्ध कुणी पाच धावांत पाच बळी घेतले? रुरकीच्या आकाश मधवालनं. वीस लाखांचा गडी, चोविशीपर्यंत टेनिस बॉलवर खेळलेला. आमच्याकडे कापसाच्या वेचण्या उरकल्या की रिकाम्या रानात टेनिस बॉलच्याच स्पर्धा होतात. त्यामुळे त्या रात्री टीव्हीसमोर जो आरडाओरडा झाला तो आर्चरच्या वाट्याला कधी आला नाही.

पण म्हणून परदेशी नकोच, असं म्हणणारे आम्ही नाही. मलिंगा कुठला होता? श्रीलंकेच्या किनाऱ्यावरचा. २०१८ च्या लिलावात त्याच्यावर कुणीच, तुम्हीसुद्धा, बोली लावली नाही. पण तुम्ही त्याला गोलंदाजांचा मार्गदर्शक करून सोबत ठेवलंत आणि पुढच्या मोसमासाठी दोन कोटींना परत घेतलंत. २०१९ च्या हैदराबादच्या फायनलमध्ये पहिल्या तीन षटकांत त्यानं ४२ धावा दिल्या होत्या. तरी शेवटचं षटक त्याच्याच हातात दिलं. नऊ धावा वाचवायच्या, शेवटच्या चेंडूवर दोन. समोर पालघरचा शार्दूल ठाकूर, म्हणजे आपलाच मराठी गडी. संथ यॉर्कर पायावर आदळला आणि आम्ही आपल्या पोराविरुद्ध गळा फाटेस्तोवर अपील केलं! एका धावेनं जिंकलो. बारा कोटी देऊनही असं होत नाही. त्याला एका माणसाचा दहा-बारा वर्षांचा सहवास लागतो.

असा लांबचा सहवास धरून चालणारी एक टीम अमेरिकेत आहे, बेसबॉलची लॉस एंजलिस डॉजर्स. तिनं २०२३ च्या डिसेंबरात योशिनोबू यामामोतो या जपानी पिचरला घेतलं: साडेबत्तीस कोटी डॉलर, आणि करार बारा वर्षांचा. तिथल्या लीगमध्ये त्यानं तोवर एक चेंडूही टाकला नव्हता. सोलमधल्या आपल्या पहिल्या सामन्यात एका इनिंगमध्येच पाच धावा देऊन बसला. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र त्यानं एकट्यानं तीन सामने जिंकून दिले. पैशाकडे बघून डोळे फिरतात हे खरं; मला हेवा वाटला तो बारा वर्षांचा.

आपल्याकडे काय झालं? नोव्हेंबर २०२४, जेद्दा. साडेबारा कोटी देऊन बोल्ट मुंबईत परत आणि तेवढ्याच साडेबारा कोटींना आर्चर राजस्थानकडे. २०२२ ची अदलाबदल भाव वाढवून उलटी केली, एवढंच. बोल्टनं २०२५ मध्ये २२ विकेट काढल्या, म्हणून कुणी बोललं नाही.

एक सल मराठवाड्याची म्हणून वेगळी. तुम्ही आर्चरवर आठ कोटी लावलेत त्याच लिलावात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर दीड कोटीला चेन्नईकडे गेला. पदार्पणाच्या सामन्यात त्यानं तीन गडी बाद केले आणि आम्हाला पिवळ्या जर्सीसाठी टाळ्या वाजवाव्या लागल्या. तिथं त्याला एकूण दोनच सामने मिळाले, ते चेन्नईवाल्यांना विचारू. पण तुमच्याकडे यॉर्कर शिकायला आमच्याकडचं एखादं पोर तुम्हाला दिसू नये?

पुढचा मोठा लिलाव येईल तेव्हा बोल्ट अडतिशीला टेकलेला असेल. त्याला धरून ठेवा असं म्हणणार नाही. त्याच्या जागी जो आणाल तो पंचविशीतला आणा, धडधाकट आणा, आणि राखायच्या यादीत त्याचं नाव पहिल्यांदा लिहा. भाव काय लावायचा तो लावा. आणि लिलावाआधी तुमची शोधपथकं फिरतात, त्यांची एखादी गाडी पैठण रोडलाही वळू द्या.

कळावे,
चितेगावचा एक पलटणवाला