रुग्ण टाइप करून बोलत नाही



एआय असताना जर्मनचा क्लास कशाला, हे आपल्या अंकातील लेखकाचे मत पटले नाही. तीन लिंगे मराठी माणसाला नवी, हेही चूक. तो-ती-ते आपल्याकडे आहेतच. घोळ वाटणीचा आहे. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, मुलगी नपुंसकलिंगी! हे पाठांतर एआय रात्री अकरालाही करून घेते, एवढे मान्य. पण चुकीचा नियमही ते तितक्याच ठामपणे सांगते; नवशिक्याला ते कळावे कसे? शिवाय मॅक्स म्युलर भवनाच्या ए-१ या सर्वांत प्राथमिक परीक्षेतही परीक्षकांसमोर बोलावेच लागते. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये केलेला करार कुशल माणसे पाठवण्याचा आहे, मोबाइल पाठवण्याचा नाही. वॉर्डातला रुग्ण टाइप करून कण्हत नाही.

— एक परिचारिका, बार्शी