पाहणारा आणि पाठवणारा

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गाडले गेले. ते वर्तमान बाहेर नेले एस.टी.च्या चालकाने, गाव जागेवर नाही, हे त्याने स्वतः पाहिले होते. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या आहे, माणसे बळी पडतात, हे खरेच. पण मोबाइलवर फिरणाऱ्या बिबट्याला ना गाव असते, ना तारीख. जाब विचारावा, तर उत्तर ठरलेले: ‘मला आले, मी पुढे पाठवले.’ धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी अशाच निनावी संदेशांवर विसंबून जमावाने भिक्षेसाठी आलेल्या पाच डवरी गोसाव्यांना ठेचून मारले. पहाटे फडात शिरणाऱ्या ऊसतोड मजुराला बिबट्याचा खरा ठावठिकाणा हवा असतो. कोणी, कुठे, केव्हा पाहिला, हे विचारल्याविना आपल्या कार्यकर्त्यांनी एकही संदेश पुढे धाडू नये.