चपलेची माशी आणि दूधगंगेची मरळ



दिवाळीत चिकोडीला गेलो होतो. माझी तेरा वर्षांची पुतणीही पुण्याहून आली होती. दोन दिवस फराळात आणि मोबाईलमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून सतरंजी काढताना तिला एक पत्र्याचा डबा सापडला. आत चपलेच्या रबराचे तुकडे, केसांचे पुंजके, शिलाईच्या दोऱ्याची रिळं आणि थोडे गंजलेले गळ.

"काका, हा कचरा कुणी जपून ठेवलाय?"

तो कचरा माझ्या तात्यांचा. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. चिकोडीच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कन्नड. माप एका भाषेत घ्यायचं आणि पैशाची घासाघीस दुसऱ्या भाषेत, असा सगळा कारभार. दुकान बंद असलं की तात्या सायकल काढून सदलग्याच्या बाजूला दूधगंगेवर जायचे, गळ टाकायला. आपल्याकडचा गळ म्हणजे कन्नडमधला गाळ. भाषा बदलली तरी मासा त्याच आकड्याला लागतो, असं ते म्हणायचे.

काठावर बाकीचे लोक गळाला गांडूळ लावत, कुणी कणकेची गोळी लावत. तात्या मात्र खोटी माशी लावायचे. रबराचं अंग आणि शेळीच्या केसांची शेपटी असलेली. आजचा लेख त्या माशीवर आहे. ती कशी बांधायची ते सांगतो, आणि ती पाण्यात कधी टाकायची नाही तेही.

ही विद्या चिकोडीत आली कशी?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. त्यामुळे आमच्या भागात फौजेतून निवृत्त झालेले लोक पुष्कळ. तात्यांचे एक मित्र काश्मीरला होते. तिथल्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा आहे. तो मूळचा आपला नव्हे. 1900 च्या सुमारास इंग्रजांनी त्याची अंडी जहाजानं विलायतेहून आणून तिथे वाढवली. ट्राउट पाण्यावर पडलेले किडे खातो, म्हणून त्याच्यासाठी पिसं आणि केस बांधून खोटा किडा करतात. या मित्रांनी तसा एक किडा आणून तात्यांना दाखवला. शिंप्याच्या हाताला दोरा नवा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात तसाच एक किडा तयार झाला.

दक्षिणेतही हे अगदीच नवं नव्हतं. हेन्री सलिवन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्यानं 1873 मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे गळानं मासेमारी करण्यावरचं पुस्तक काढलं, आणि ते छापलं गेलं मंगळूरला. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या महसीर माशाला 'खुद्री' हे शास्त्रीय नाव देणारे कर्नल साइक्सही मुंबई इलाख्यातलेच. त्यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. अर्थात तात्यांनी यातलं काहीच वाचलेलं नव्हतं.

केस कोणाचे आणि फोम कशाला?

परदेशात केसाच्या माशीला हरणाचे केस वापरतात. तो केस आतून पोकळ असल्यामुळे पाण्यावर तरंगतो. आपल्याकडे तो विचारच सोडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाचे केस बाळगले तरी गुन्हा होतो. ज्याचे केस रंगाच्या ब्रशसाठी चोरून विकले जातात त्या मुंगसालाही हाच कायदा लागू आहे.

मग आपल्या हाताशी काय? शेळीचे केस. धनगरांचा कळप गावाबाहेर उतरला की तात्या जाऊन मूठभर मागून आणायचे. म्हशीच्या शेपटीचे केस जाड आणि ताठ असतात, ते पाय करायला बरे. पण हे केस हरणाच्या केसासारखे माशीला तरंगत ठेवत नाहीत. पाणी प्यायले की माशीला घेऊन खाली जातात. ही अडचण फोम सोडवतो. फोममध्ये हवेचे बारीक बंद कप्पे असतात. तो भिजत नाही, मासा दहा वेळा चावला तरी पुन्हा वर येतो. म्हणजे तरंगायचं काम फोमकडे आणि पाण्यात हलायचं काम केसांकडे.

अमेरिकेतही हीच युक्ती गाजली. युटा राज्यातल्या ग्रीन नदीवर काळ्या फोमची एक बोजड माशी निघाली, तिचं नाव 'चेर्नोबिल अँट'. दिसायला अगदी ओबडधोबड, पण मासे तिच्यावर तुटून पडायचे. तात्यांचा फोम झिजलेल्या चपलेचा होता. तुम्हाला स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या हस्तकलेसाठी मिळणारा 2 ते 3 मिलिमीटर जाडीचा फोम चालेल. चपलेपेक्षा तो हलका आणि कापायला सोपा आहे.

बांधायची कशी?

पुतणीनं पहिली माशी बांधली त्याच क्रमानं सांगतो.

1. गळाचा काटा, म्हणजे टोकाच्या आतलं उलटं दातरं, पकडीनं दाबून सपाट करा. मासा सोडायचा झाला तर त्याचं तोंड फाटत नाही, आणि तुमच्या बोटात रुतला तर तोही सहज निघतो.

2. गळ पकडीत धरा आणि पकडीच्या मुठीला रबरबँड गुंडाळा. झाला तुमचा शिकंजा, दोन्ही हात मोकळे.

3. गळाच्या दांड्यावर शिलाईचा पॉलिस्टर दोरा चिकटून चिकटून गुंडाळा. ही पायरी गाळू नका. उघड्या लोखंडावर फोम गोल फिरतो.

4. काडेपेटीच्या काडीएवढा जाड केसांचा पुंजका घ्या. टोकं खाली करून पेनाच्या टोपणात घाला आणि टोपण टेबलावर चार वेळा ठोका. सगळी टोकं एका रेषेत येतात. हा पुंजका गळाच्या वळणापाशी शेपटी म्हणून बांधा. शेपटी दांड्याएवढीच लांब ठेवा. लांब झाली तर मासा नुसती शेपटी चावून जातो.

5. फोमची पट्टी गळाच्या तोंडाएवढी रुंद कापा. एक टोक निमुळतं करून शेपटीवर बांधा. मग पट्टी पुढे दुमडून मध्ये एकदा आणि डोळ्याच्या अलीकडे एकदा बांधा. किड्याच्या अंगासारखे फुगवटे तयार होतात. दोरा जोरात ओढलात तर फोम कापला जाईल. शर्टाचं बटण लावताना ओढतो तितकंच, असं तात्या सांगायचे.

6. मधल्या बांधणीत दोन्ही बाजूंना पाय अडकवा, म्हशीच्या केसांचे किंवा बारीक रबरबँडचे.

7. चार-पाच गाठी मारा आणि वर नेलपॉलिशचा एक थेंब सोडा. आईची परवानगी घेऊन.

रंगाचं गणित सोपं आहे. मासा खालून बघतो. त्याला उजेडाच्या आकाशावर फक्त काळी आकृती दिसते, म्हणून पोट काळं ठेवायचं. वरून बघणार तुम्ही, म्हणून पाठीवर पिवळ्या फोमचा तुकडा लावायचा. चिलापीसाठी लहान गळ घ्या. मरळीसाठी मोठा घ्या आणि अंग बेडकाएवढं रुंद करा.

महागडा रॉड लागत नाही. वेळूची लांब काठी आणि तिच्या टोकाला काठीएवढीच लांब दोरी. जपानात याच पद्धतीला 'तेनकारा' म्हणतात आणि जगभरचे लोक ती हौसेनं शिकतात. माशी पाण्यावर सोडा. तिच्याभोवतीची वर्तुळं विरेपर्यंत गप्प राहा. मग काठीचं टोक एकदाच हलवा. बहुतेक वेळा मासा त्या क्षणी येतो.

आणि आता माझी चूक

इथपर्यंत सगळं मी बाराव्या वर्षीच शिकलो होतो. पुढचं शिकायला एक मासा खर्च झाला.

श्रावणातली गोष्ट. ओढ्याच्या संथ पाण्यावर मला एक लालसर डाग दिसला. बघत राहिलो तर तो थरथरत होता, उकळी फुटल्यासारखा. मी मुद्दाम त्याच्या मधोमध माशी टाकली. हलवायचीही गरज पडली नाही. पाणी फाटलं आणि काठी वाकली. मरळ होती, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत लांब. मिरवत घरी आणली.

तात्यांनी विचारलं, "कुठं घावली?"

मी लाल डागाचं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. रात्री जेवले, उठले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला सायकलच्या दांडीवर बसवून त्याच जागी घेऊन गेले. डाग फुटला होता. लाल पिल्लं सैरावैरा पळत होती, पाण्यात बारके मासे त्यांना टिपत होते आणि वर फांदीवर खंड्या बसला होता. आम्ही बघत असतानाच त्यानं दोन बुड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. पाणी रिकामं होतं.

"ती भुकंनं नाही आली रं," तात्या त्या संध्याकाळी म्हणाले होते. "पोरांच्या अंगावर कोण आलं म्हणून धावली. तिच्या रागावर गळ टाकलास तू."

मरळीचं हे खरंच आहे. हिला पाण्याबाहेरची हवा घ्यावी लागते म्हणून ती वर येते, आणि पिल्लंही घोळक्यानं वर येत राहतात. आईबाप घोळक्याखाली राखण करतात. बेडूक असो वा फोम, जवळ आलं की अंगावर जातात. त्या वेळी मरळ धरणं सगळ्यात सोपं असतं. म्हणूनच ते करायचं नसतं. एका माशाबरोबर अख्खा घोळका जातो.

त्या वर्षी डबा माळ्यावर गेला तो दसऱ्यालाच खाली आला. पुढे तो आमच्या घरचा नियमच झाला.

यंदाची दिवाळी

पुतणीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तात्याआजोबा तुम्हाला रागावले नाहीत?" नाही. रागावले असते तर मी कदाचित विसरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका शेततळ्यावर गेलो, मालकाला विचारून. तळं असो वा गावचा तलाव, आधी विचारायचं. तलावाचा बहुतेक ठेका दिलेला असतो आणि त्यावर कुणाचं तरी पोट असतं. नदीवर मुलांना घेऊन मी आता जात नाही. कृष्णेत मगरी आहेत, आणि 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिल्यावर त्या काठाचा भरवसा वाटत नाही.

तिनं काठी हातात घेतली, पण माशी लगेच टाकली नाही. तळ्याच्या कडेनं एक फेरी मारून आली. "लाल काही नाही," म्हणाली. मग टाकली. दोन चिलापी मिळाल्या, त्या वहिनीनं तळल्या. शेवटी शेवटी पाणलिलीच्या पानांपाशी एक मोठा खळबळाट झाला, काठी वाकली आणि लगेच सरळ झाली. मरळ सुटली होती. फोमवर दातांच्या खुणा होत्या.

ती माशी तिनं पुण्याला नेली आहे. माझ्या आग्रहावरून दोरीचे तुकडे आणि फोमची कात्रणंही खिशात भरून घेतली, कारण फोम पाण्यात कधी कुजत नाही.

तुमच्याही घरात एखादी तुटकी चपल असेलच. एक माशी बांधून बघा, आणि फोटो आमच्याकडे पाठवा. वाकडी झाली तरी चालेल. माशाला सरळ-वाकडं कळत नाही. आणि तुमच्या आजोळी कुणी असा डबा जपून ठेवला असेल तर तो कुणाचा होता ते विचारून घ्या. सांगणारं माणूस आहे तोवर.

भेटू पुढच्या महिन्यात.