मोठ्यांना होणारा लहानांचा आजार

घरात ताप आला, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ उठले की पहिला शब्द निघतो, 'गोवर असेल'. माणूस तिशीतला असला तर म्हणतात, 'गोळीची रिअ‍ॅक्शन आली'. पुष्कळदा हे अंदाज खरेही ठरतात. पण ताप पाच दिवस झाले तरी हटत नसेल तर आणखी एका आजाराचा विचार व्हायला हवा. त्याचे नाव कावासाकी.

हे नाव एका जपानी बालरोगतज्ज्ञाचे. डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. त्याचा आजार कोणत्याच पुस्तकात बसेना. तसेच रुग्ण पुढे येत गेले. १९६७ साली त्यांनी अशा ५० मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. या आजारात शरीरातल्या रक्तवाहिन्यांना दाह होतो, म्हणजे त्या आतून सुजतात. तो का होतो हे आजही पक्के ठाऊक नाही. मात्र तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे रुग्णाची ताट-वाटी वेगळी काढण्याचे कारण नाही.

बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. मोठ्या माणसांत हा आजार फारच क्वचित होतो, आणि खरी अडचण इथेच आहे. क्वचित म्हणून तो कुणाच्या ध्यानात येत नाही. मग दिवस निघून जातात.

खुणा अशा. अँटिबायोटिकला दाद न देणारा ताप. दोन्ही डोळे लाल, पण पू नाही. ओठ लाल होऊन फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल, खरखरीत. अंगावर पुरळ. हातपाय सुजलेले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोटांच्या टोकांची साल निघते. मानेत गाठ येते. मोठ्यांमध्ये ही गाठ, सांधेदुखी आणि यकृताची सूज मुलांपेक्षा जास्त दिसते. सगळ्या खुणा एकाच दिवशी दिसत नाहीत. म्हणून कोणत्या तारखेला काय दिसले ते कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत कोरोना होऊन गेला असेल तर तेही सांगा. २०२० पासून कोरोनानंतर अगदी असाच दिसणारा आजार मुलांत आणि मोठ्यांतही आढळला आहे.

एवढी घाई कशाला? तर धोका हृदयाला आहे. उपचार न झालेल्या चार-पाच मुलांपैकी एकाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीवर फुगवटा येतो. मोठ्यांमध्ये हे कमी आढळते, पण आढळते. टू-डी इको तपासणीत ते कळू शकते. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले तर मुलांमधला हा धोका पुष्कळच खाली येतो. सोबत अ‍ॅस्पिरिन असते. परंतु अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका, तापातल्या मुलाला तर नाहीच.

हे औषध हजारो दात्यांच्या रक्तातून बनते, म्हणून महाग. ते वजनावर देतात, किलोमागे दोन ग्रॅम. दहा किलोच्या मुलाला २० ग्रॅम, तर साठ किलोच्या कमावत्या माणसाला १२० ग्रॅम! हा आकडा ऐकून रुग्णाला घरी आणू नका. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. दाखला आजच काढून ठेवा. आजारपणात तो निघत नाही.

आणि ज्यांना लहानपणी हा आजार होऊन गेला आहे त्यांनी जुने कागद टाकू नयेत. धमनीवर राहिलेला फुगवटा ऐन तरुणपणी हृदयविकाराचा झटका आणू शकतो. पंचवीस वर्षांच्या मुलाच्या छातीत दुखले तर 'गॅस असेल' म्हणून घरी बसवू नका. आईने जपलेली पिशवीतली जुनी फाइल घ्या आणि तसेच दवाखाना गाठा.